बढतीच्या मुळावर

रेकॉर्डरूमचे कारकून अकरा वर्षं तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत शिंकत होते. यंदा खात्याची इंग्रजी शब्दसंग्रहाची परीक्षा द्यायची, पहिलं यायचं आणि वरच्या मजल्यावरचं खिडकीजवळचं टेबल पटकवायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. बायकोने तर त्या खिडकीसाठी तुळतुळीत पानांची एक कुंडीही आणून ठेवली.

शिकवणीच्या मास्तरांनी मंत्र दिला होता, "शब्द पाठ करू नका, फोडा! मूळ ओळखा, पुढे काय चिकटलंय ते बघा. एका मुळाला वीस शब्द लागलेले असतात."

कारकुनांना हे इतकं पटलं, की सरावासाठी त्यांनी तीन रविवार खपून सगळ्या फायलीच मुळांनुसार लावल्या. ट्रान्सपोर्ट, एक्सपोर्ट आणि सपोर्ट स्टाफ एका कपाटात गुण्यागोविंदाने नांदू लागले, कारण 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. रिपेअर आणि रिफंड 'पुन्हा'च्या खणात गेले. रिपोर्ट यातल्या कुठल्या घरचा, या प्रश्नापायी त्यांनी दोन दिवस जेवणाची सुट्टी घालवली. जुनी नोंदवही तेवढी रद्दीत गेली.

सोमवारी तपासणी पथक आलं. आवक-जावकचे कारकून धापा टाकत तळघरात उतरले.

"अहो, डिस्पोजलची फाईल कुठंय? 'डी'च्या कपाटात तर चिटपाखरू नाही!"

"'डी' काय बघताय? 'पोज' बघा, पोज म्हणजे ठेवणे. ती बघा, प्रपोजलच्या मांडीला मांडी लावून बसलीय."

फाईल अर्ध्या मिनिटात मिळाली. साहेब खूश झाले. "माणूस हुशार आहे हं!" ते पथकाला म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी मात्र कारकून रजेवर होते. सकाळी अकराला एक फाईल हवी होती. चार वाजेपर्यंत उरलेलं अख्खं ऑफिस तळघरात होतं. शेवटी साहेब स्वतः उतरले आणि शिंकत, रिकाम्या हाताने वर आले. त्या दिवसापासून ते कारकुनांकडे फार आदराने बघू लागले.

निकाल लागला. कारकून शंभरात अठ्ठ्याण्णव गुण मिळवून पहिले आले. त्याच परीक्षेला बसलेले आवक-जावकवाले काठावर पास झाले आणि आठवड्याभरात खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसले, कारण त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

कारकून साहेबांचं पत्र घेऊन घरी आले.

"काय लिहिलंय हो?" बायकोने उत्साहाने विचारलं.

"मला इन्डिस्पेन्सेबल म्हटलंय."

"अगं बाई! म्हणजे काय?"

कारकुनांनी सवयीने शब्द फोडला. "इन म्हणजे नाही. डिस्पेन्स म्हणजे, माणसाला मोकळं करणं. एबल म्हणजे शक्य."

बायकोने मनात हिशेब जुळवला. मग तिने कुंडीकडे पाहिलं.

"हिचं काय करू मग?"

"हिला राहू दे घरीच," कारकून म्हणाले आणि एकदा शिंकले. "मला प्लॅस्टिकच्या पानांची आण."