आकडा मोठ्याने सांगा

लाडोबाची मागची मांडी सकाळी साडेनऊला कुंपणाच्या तारेत अडकून फाटली आणि दहाच्या ठोक्याला वहिनी त्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात हजर झाल्या. गाडी नणंदबाईंची होती. नणंदबाईंना कुत्री मुळीच आवडत नसत, पण वेळेला धावून जाण्याचा त्यांचा स्वभाव होता आणि पुढे वर्षभर तसं बोलून दाखवण्याचाही. मागच्या सीटवर जुनी चादर, चादरीवर प्लास्टिक आणि प्लास्टिकवर वर्तमानपत्र अंथरून त्यांनी दोघांना आणलं होतं.

डॉक्टरांनी जखम लांबूनच पाहिली, कारण जवळून दाखवायची लाडोबाची तयारी नव्हती. आठ-नऊ टाके पडणार होते. आधी झोपेचं इंजेक्शन, तो झोपला की जखमेच्या कडेकडेने जागा बधिर करायचं दुसरं इंजेक्शन आणि मग टाके. जखम उघडी होती, रक्त थांबत नव्हतं, तेव्हा उद्यावर ढकलण्याचा प्रश्नच नव्हता. आता फक्त वजन करायचं, की कामाला सुरुवात.

इथेच घोड्याने पेंड खाल्ली. दवाखान्याचा मोठा काटा दुरुस्तीला गेला होता. मागच्या आठवड्यात एका बैलाला त्यावर उभं केलं, तर तो उभा न राहता चक्क बसला होता. मागे उरला होता तो माणसांनी घरात वापरायचा छोटा काटा, आणि त्यावर चार पाय मावत नव्हते. तेव्हा कुणीतरी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचं, एवढाच मार्ग होता.

आधी कंपाउंडर पुढे झाला. लाडोबाच्या तोंडाला पट्टी बांधली होती, पण पायांना बांधली नव्हती. काट्यावरचा आकडा चाळीस ते एकशे दहा असा नाचत राहिला आणि कंपाउंडरच्या शर्टावर रक्ताचे डाग पडले. मग वहिनींनीच त्याला घेतलं. त्यांच्या कुशीत जाताच तो शहाण्या बाळासारखा गप्प झाला. काटा अठ्ठ्याण्णववर थांबला.

"आता कुत्र्याला खाली ठेवा आणि तुम्ही एकट्या उभ्या राहा," डॉक्टर म्हणाले.

"कशाला? मला पाठ आहे माझं वजन," असं म्हणून वहिनी लाडोबाला खाली ठेवून टुणकन उतरल्या. बाकावर बसलेल्या नणंदबाईंकडे त्यांची नजर एकदा जाऊन आली. "एकसष्ट."

या एकसष्टाला इतिहास होता. सहा महिन्यांपूर्वी नणंद-भावजयींनी मिळून वजन कमी करायचा विडा उचलला होता. दर रविवारी सकाळी फोनवर एकमेकींना आकडा सांगायचा, असं ठरलं. वहिनींनी पहिल्या रविवारी चौऱ्याहत्तर किलोंवर काटा पाहिला आणि तो असा काही मनाला लागला, की पुन्हा त्या काट्यावर चढल्याच नाहीत. पण फोन तर चुकत नव्हता. नणंदबाई दर रविवारी अर्धा किलो उतरत, म्हणून वहिनीही अर्धा किलो उतरत. अशा उतरत-उतरत त्या एकसष्टावर येऊन पोचल्या होत्या. नणंदबाई अठ्ठावन्नवर होत्या.

"एकसष्ट," कंपाउंडरने खणखणीत आवाजात म्हटलं.

"एकसष्ट," डॉक्टरांनी म्हटलं.

हा त्या दवाखान्याचा नियम होता. औषधाशी संबंध असलेला कुठलाही आकडा एकाने मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्याने तो परत म्हणायचा. फार पूर्वी एका शेळीच्या वेळी कुणीतरी हळूच 'सतरा' म्हणालं होतं आणि ते 'सत्तर' ऐकू आलं होतं. इंजेक्शन टोचायच्या आत घोटाळा लक्षात आला आणि शेळी वाचली, पण तेव्हापासून दवाखान्यात कुजबुज बंद झाली.

अठ्ठ्याण्णवातून एकसष्ट गेले, राहिले सदतीस. डॉक्टरांनी लाडोबाचा जुना कागद काढला. सहा महिन्यांपूर्वी तो तेवीस किलो होता.

"सहा महिन्यांत चौदा किलो वाढला?"

"खातो चांगला," वहिनी म्हणाल्या. "आणि हाडं जड आहेत त्याची."

डॉक्टर कुत्र्याकडे बघत राहिले. तीस वर्षांत एकाही म्हशीने त्यांना खोटं वजन सांगितलं नव्हतं. मात्र म्हशींबरोबर आलेली माणसं त्यांनी भरपूर पाहिली होती. बाटलीत सुई खुपसून त्यांनी सदतीस किलोंचं औषध सावकाश सिरिंजमध्ये ओढलं आणि ती वहिनींच्या डोळ्यांसमोर उजेडात धरली.

"हे औषध किलोवर चालतं. कमी पडलं, तर टाका घालताना जागा होईल आणि माझा हात तोडेल. त्याचं काही नाही, सवय आहे. पण जास्त झालं तर श्वास मंदावतो. झोप अगदी छान लागते. फक्त उठायचं राहून जातं. बधिर करायच्या औषधाचंही तेच. तेव्हा सदतीस नक्की ना?"

वहिनींनी त्या भरलेल्या सिरिंजकडे पाहिलं, मग लाडोबाकडे पाहिलं. तो त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून निवांत पडला होता. जगात आपल्या बाईंइतकं खरं कुणी बोलत नाही, असा त्याचा चेहरा होता.

"थोडं कमी भरा ना," त्या म्हणाल्या.

"किती कमी?"

"दोन किलोंचं."

"पाच मिनिटांत कुत्रा दोन किलो उतरला?"

"बरं, चार धरा."

"बाई, ही काय भाजीची गाडी आहे? मला खरा आकडा हवा. कुत्र्याचा नसेल माहीत, तर तुमचा सांगा. अंदाजाने मी सुई लावत नाही."

डॉक्टरांनी सिरिंज ताटलीत ठेवली आणि हाताची घडी घातली. डॉक्टर हटायचे नाहीत, हे वहिनींना कळून चुकलं. त्यांचाही हट्ट काही कमी नव्हता. गाडीची काच वर केली आहे का, ते जरा बघून येता का, असं त्यांनी नणंदबाईंना विचारलं. नणंदबाई म्हणाल्या, केली आहे. मग घशाला कोरड पडली, बाहेरून पाण्याची बाटली मिळाली तर बरं, असं सुचवून पाहिलं. कंपाउंडरने तत्परतेने पेला भरून आणला. नणंदबाई बाकावरून हलल्या नाहीत. उलट, नीट ऐकू यावं म्हणून जरा पुढे सरकून बसल्या.

लाडोबाच्या मांडीखाली आता फरशीवर रक्ताचं थारोळं झालं होतं. वहिनींनी ते पाहिलं आणि दोन पावलं पुढे होऊन त्या डॉक्टरांच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या.

"ऐकू आलं नाही," कंपाउंडर दारातून म्हणाला. "आकडा मोठ्याने सांगायचा, बाई. नियम आहे."

वहिनींनी डोळे मिटले. सहा महिन्यांचे सव्वीस रविवार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. मग त्या सरळ उभ्या राहिल्या आणि बाहेर हातगाडीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर."

"चौऱ्याहत्तर," कंपाउंडर गरजला.

"चौऱ्याहत्तर," डॉक्टर म्हणाले.

बाकावरून चौथ्यांदा तोच आकडा आला. तो नणंदबाईंनी अगदी हळू, चवीने म्हटला होता.

वहिनींना लाज वाटली, पण कसलं तरी मोठं ओझं उतरल्यासारखंही वाटलं. हिशेब आता सरळ बसत होता. अठ्ठ्याण्णवातून चौऱ्याहत्तर गेले, राहिले चोवीस. जुना कागद तेवीस म्हणत होता, म्हणजे किलोभराचाच फरक. डॉक्टरांचंही समाधान झालं. त्यांनी आधीची सिरिंज बाजूला टाकली, नवी घेतली आणि चोवीस किलोंचं औषध भरायला सुरुवात केली.

"थांबा," वहिनी म्हणाल्या.

"आता काय?"

"ते चौऱ्याहत्तर सहा महिन्यांपूर्वीचे आहेत. अंदाजाने नको म्हणता ना? मग मलाही नको." त्यांनी पदर खोचला आणि भर दवाखान्यात, नणंदेच्या डोळ्यांदेखत काट्यावर चढल्या. जायची ती अब्रू गेलीच होती, आता कुत्रा तरी हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

खाली बघायचा धीर मात्र त्यांना झाला नाही. आकडा कंपाउंडरने वाचला.

"एकोणसत्तर."

"एकोण… किती?" नियम विसरून डॉक्टरांनी विचारलं.

"एकोणसत्तर. सहा आणि नऊ."

वहिनी उतरल्या, पुन्हा चढल्या. काटा जागचा हलला नाही. पाच किलो खरोखरच गेले होते. सहा महिने ज्याच्यासाठी थापा मारल्या, ते त्यांच्या नकळत थोडंथोडं घडत होतं, आणि घडून गेल्यावर त्यांनी स्वतःच्या तोंडाने, साक्षीदारांसमक्ष, चौऱ्याहत्तर जाहीर केले होते. आनंदाने रडावं की कपाळाला हात लावावा, हे त्यांना समजेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

"म्हणजे कुत्रा एकोणतीस," डॉक्टर म्हणाले. "चोवीसचं दिलं असतं, तर अर्ध्या टाक्यात उठून बसला असता. बरं झालं चढलात."

एकोणतीस किलोंचं औषध टोचलं. लाडोबाने एकदा वहिनींकडे रागाने पाहिलं, दहा मिनिटं झोपेशी झुंज दिली आणि मग तो घोरू लागला. जखमेच्या कडेने बधिर करायचं औषध गेलं. एकामागून एक नऊ टाके पडले, तरी त्याचा कानही हलला नाही. वहिनी सगळा वेळ त्याची छाती खालीवर होते ना, ते मोजत उभ्या होत्या. काम संपल्यावर डॉक्टरांनी हात धुता धुता विचारलं, की जखमेचं निस्तरलं, पण हा सहा किलो वाढला कसा.

वहिनी खाली बघू लागल्या. उपाशी राहायचं ठरवलं, तरी घरच्यांनी विचारू नये म्हणून त्या ताट पूर्ण वाढून घ्यायच्या आणि अर्धं ताट टेबलाखाली द्यायच्या. सकाळी आणि संध्याकाळी, न चुकता.

"आजपासून एक घासही नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचं ताट तुम्हीच संपवायचं. त्याची तब्येत सुधारायची, तर तुम्हाला पोटभर जेवावं लागेल."

लाडोबा शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं. बाकावर दोघी शेजारी-शेजारी बसल्या. नणंदबाई आता काय बोलतात, याची वाट बघत वहिनी कानकोंड्या झाल्या होत्या. चौऱ्याहत्तर हा आकडा दुपारपर्यंत साऱ्या नात्यागोत्यात पोचणार, हे त्यांनी मनातून मान्यही करून टाकलं होतं.

"खरंच पाच किलो गेले गं?" नणंदबाईंनी आवाज खाली आणून विचारलं. "नुसतं अर्धं ताट त्याला घालून?"

"हो, ताई."

नणंदबाई बाकावरून उठून लाडोबाजवळ जाऊन बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"टाके निघाले ना, की महिनाभर आमच्याकडे पाठव याला," त्या म्हणाल्या. "हे डॉक्टरांना सांगू नकोस."

वहिनींनी नणंदबाईंच्या अठ्ठावन्नाचा विषय काढला नाही.