बेचाळीसपैकी बेचाळीस

इंजिनामागची नळी तपासायला मेकॅनिकने न बघताच भिंतीवरच्या फळ्याकडे हात लांबवला, लांब दांड्याचा आरसा काढला, विमानाखाली शिरला आणि तसाच बाहेर आला. त्याच्या हातात पळी होती.

"साहेब," तो म्हणाला, "ही घरची का?"

साहेब म्हणजे लढाऊ विमानांच्या त्या तुकडीतले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. त्यांना सगळे मागून मोजणीसाहेब म्हणत, आणि त्यांना ते आवडतं हे कळल्यापासून समोरूनही म्हणत. विमानात एखादं अवजार विसरलं, तर वर गेल्यावर ते कुठे जाऊन अडकेल याचा नेम नाही. म्हणून हँगरच्या फळ्यावर प्रत्येक अवजाराची काळी सावली रंगवलेली होती आणि जे ते अवजार आपापल्या सावलीवर टांगलेलं असे. एक जरी सावली रिकामी दिसली, की सगळी विमानं जमिनीवर. गेली बावीस वर्षं मोजणीसाहेब रोज संध्याकाळी 'बेचाळीसपैकी बेचाळीस' असं लिहून सही करत आले होते. वहीत एक खाडाखोड नाही. हे वेड एवढं अंगात भिनलं होतं की घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवरही त्यांनी झारा, उलथनं, किसणी, पळी अशा अकरा सावल्या रंगवल्या होत्या, आणि धुतलेली भांडी ते स्वतः टांगत.

पळी पाहून त्यांना कालचं सगळं आठवलं. आदल्या दिवशी दुपारी त्यांच्या बायकोने तुकडीसाठी पातेलंभर रस्सा पाठवला होता. सगळे महिनाभर राबून अर्धे झाले होते, त्यांची तिला कीव आली होती. महिनाही तसाच गेला होता. पहिला आठवडा धुक्याने खाल्ला, दुसऱ्यात एक इंजिन रुसलं, तिसऱ्यात तीन पायलट सर्दीने आडवे झाले. तरी ठरलेल्या उड्डाणांपैकी आता फक्त चार उरली होती, आणि तीही आज सूर्य मावळायच्या आत व्हायची होती. जेवणानंतर साहेबांनी नळावर पळी धुतली, शेजारीच आरसा पुसला. दोन्हींना लांब दांडा, दोन्हींचं तोंड गोल. थकलेल्या हाताने एक फळ्यावर टांगलं, दुसरं पिशवीत टाकलं.

"म्हणजे आरसा तुमच्या घरी असणार," कमांडर म्हणाले. "चला, विमानं काढा."

"असणार, सर. पण 'असणार'वर मी सही करत नाही."

"अहो, चार उड्डाणं राहिलीत! सगळा महिना पाण्यात जाईल."

"जाईल, सर," साहेब म्हणाले. "आरसा हातात आल्याशिवाय एकही विमान हलणार नाही."

त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, भिंतीवर बघ. काही वेगळं दिसतंय का?"

"काही नाही. अकराच्या अकरा सावल्या भरल्यात."

"नीट बघितलंस?"

"अहो, तुम्हीच ना शिकवलंत, एकच बघायचं, रिकामी सावली आहे का! नाहीये. ठेवू?"

झालं. आरसा घरी नाही, म्हणजे तो कुठल्या तरी विमानात! दोन विमानांच्या खुर्च्या उतरवल्या, तिसऱ्याचं पोट उघडलं. चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत गेली. कमांडर स्वतः गुडघ्यांवर रांगत एका विमानाखाली शिरले. तिथे त्यांना स्वतःचंच पेन सापडलं, ज्यावरून त्यांनी कारकुनाला दोन महिने छळलं होतं. ते खाली मान घालून त्याची माफी मागून आले. कुणी कुरकुर केली नाही. साहेबांना मात्र तेच जास्त टोचत होतं. कोपऱ्यात बसून त्यांनी वही उघडली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा कालच्या नोंदीवर काट मारली. खाली लिहिलं, 'बेचाळीसपैकी एक्केचाळीस. एक पळी. चूक माझी.'

दुपारी दोनला फोन वाजला.

"अहो," बायको म्हणाली, "रस्सा वाढायला पळी घेतली, तर तीत माझाच डोळा दिसतोय!"

पळी हँगरमध्ये असताना घरी अकराही सावल्या भरलेल्या कशा, हे घाबरलेल्या मोजणीसाहेबांना तोवर सुचलंच नव्हतं! ती रिक्षाने आली, तेव्हा फाटकापाशी निम्मी तुकडी उभी होती. साहेबांनी आरसा दोन्ही हातांनी घेतला, टांगला, सगळी अवजारं मोजली, पुन्हा मोजली आणि सही केली. मग उघडलेली विमानं पुन्हा बंद करायला सगळे असे भिडले की विचारू नका. चारही विमानं एकदम उडाली. शेवटचं उतरलं तेव्हा सूर्य टेकायला चार मिनिटं होती.

ते कमांडर स्वतः चालवत होते. उतरून ते सरळ साहेबांपाशी आले.

"मी तुमची ती नोंद वाचली."

"शिक्षा मान्य आहे, सर."

"शिक्षा कसली? वर उलटी कोलांटी मारताना मला आरशाची आठवणसुद्धा झाली नाही. बावीस वर्षं तुम्ही आम्हाला असंच निर्धास्त उडवताय." त्यांनी खाडकन सलाम ठोकला. साहेबांचे डोळे भरून आले आणि चाळीस माणसांनी एकदम दुसरीकडे पाहिलं.

तरंगतच ते घरी पोहोचले. हातपाय धुऊन ताटावर बसले. ताट रिकामं होतं.

"भूक लागलीय गं."

"पळी कुठेय?"

"ती... कमांडरसाहेबांच्या कपाटात. पुरावा म्हणून ठेवलीय."

बायकोने भिंतीकडे बोट दाखवलं. दहा सावल्या भरलेल्या, एक रिकामी.

"अगं, चमच्याने वाढ ना. पळी उद्या येईलच."

"येईल!" ती म्हणाली. "'येईल'वर मी वाढत नाही."

बावीस वर्षांत आपण हिच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच तयार केलं नव्हतं, हे साहेबांना त्या क्षणी पटलं. त्यांनी पुन्हा बूट चढवले.