धूम्रनगरीतले प्रेक्षणीय स्थळ क्रमांक चार

पुस्तकात वाचलेल्या गावी प्रत्यक्ष जाऊन 'हे काही पुस्तकातल्यासारखे नाही' अशी तक्रार केल्याशिवाय माणसाचे वाचन पूर्ण होत नाही. नुसते वाचणे कोणालाही जमते. त्यासाठी एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसावे लागत नाही.

याच तत्त्वावर १९७६ साली शिरूर येथे 'धूम्रनगरी अभ्यास मंडळ' स्थापन झाले. मी मंडळाचा सहकार्यवाह होतो. (कार्यवाह आणि सहकार्यवाह यांत फरक असा, की ठराव कार्यवाह मांडतो आणि सतरंजी सहकार्यवाह अंथरतो.) कार्यवाह होते सर्जेराव आप्पा. ते एका सहकारी सोसायटीचे सचिव असल्यामुळे जे डोळ्यांना दिसत नाही ते आहे असे मानण्याची त्यांना सवय होती. अद्भुत वाङ्मयाच्या अभ्यासाला ती फार उपयोगी पडते.

'धूम्रनगरी' ही त्या काळी स्टँडवरच्या गाड्यावर मिळणारी कादंबऱ्यांची माला. प्रत्येक भागाच्या मुखपृष्ठावर राजपुत्र वज्रकेतू तलवार उगारून उभा असे, आणि तो पाहत असे त्याच्या नेमक्या उलट बाजूला राक्षस असे. लेखकाचे नाव 'कृष्णमेघ' छापलेले होते. म्हणजे तो कुठेतरी कायम नोकरीत असणार, हे उघड होते. या नगरीचे आकाश काळ्या धुराने झाकलेले. तिथे लोखंडी असुर अष्टौप्रहर फुत्कारत असतात, चारी दिशांचे मार्ग तिथे येऊन मिळतात, आणि येणारा प्रत्येक प्रवासी दुसरीकडेच जायचे म्हणून ताटकळत बसलेला असतो. ही नगरी हिमालयात असावी असे शिरूरात सर्वसाधारण मत होते. पुढे आप्पांची सोलापूरची गाडी चुकली आणि त्यांना दौंड जंक्शनवर एक अख्खा दिवस काढावा लागला. ते परत आले ते शोध लावूनच.

सहल ठरली. अकरा सदस्य निघाले. त्यांपैकी मालेचे सर्व भाग वाचलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या नर्स भागुबाई. बाकीच्या दहांनी आप्पांची भाषणे ऐकलेली होती. अभ्यास सहलीत हे प्रमाण समाधानकारक समजले जाते.

न्हावऱ्यावरून चौफुल्याला, आणि चौफुल्याला गाडी बदलून आम्ही दौंडला उतरलो. आप्पांनी तिथली स्थळे आधीच क्रमवार लावून ठेवली होती. क्रमांक एक, धूम्रासुरांची गुहा. हिला स्थानिक लोक इंजिनांची शेड म्हणतात. पहारेकऱ्याने आम्हाला आत सोडले नाही. वज्रकेतूलाही पहिल्या भागात सोडलेले नाही, त्यामुळे स्थळाची सत्यता सिद्ध झाली. क्रमांक दोन, अजगराची सोंड. इंजिनात पाणी भरायचा वाकडा नळ. तिच्याखाली आम्ही आदराने उभे राहिलो आणि थोडे भिजलो. क्रमांक तीन, विस्मृतीचा पूल, म्हणजे स्टेशनावरचा जिना. हा ओलांडणाऱ्याला आपण कशाला आलो ते आठवत नाही असे मालेत म्हटले आहे. आमच्यापैकी चार जण पुलापलीकडे छत्र्या विसरले. (त्यांतले दोघे घरीही विसरतात. त्यांना आकडेवारीत धरलेले नाही.)

क्रमांक चार हे सहलीचे मुख्य आकर्षण होते. कराला चेटकिणीचे घर.

कराला ही मालेतली सर्वांत लोकप्रिय व्यक्ती. तिचे दात पुढे आलेले असतात. वाट चुकलेल्या तरुणांना ती घरात घेते, मोठ्या कढईतले जेवू घालते आणि 'घे अजून, घे अजून' म्हणत राहते. जेवणारा घर विसरतो, आईला विसरतो आणि जन्मभर तिथेच राहतो. वज्रकेतू नवव्या भागात तिच्या तावडीतून सुटतो तो एकाच उपायाने. डाव्या पायातले पायताण हातात घेऊन तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो आणि तिला तीनदा तिचे नाव विचारतो.

रेल्वेच्या लायनीमागच्या एका गल्लीत आप्पा थांबले आणि म्हणाले, हेच. आम्ही प्रत्येकाने डावी चप्पल काढून हातात घेतली आणि ओळीने उभे राहिलो.

ते घर म्हणजे धुरपदाबाईंची खानावळ होती. नवरा रेल्वेत गँगमन होता. तो वारल्यावर बाईंनी ही चूल मांडली, आणि रेल्वेतली एकटी राहणारी पोरे, फायरमन, खलाशी, गेटमन, वीस वर्षे त्यांच्याकडे जेवत आली होती. वय पन्नाशीच्या पुढे. दात खरोखरच पुढे होते. बाईंनी दाराकडे पाहिले तेव्हा त्यांना हातात चप्पल घेतलेली अकरा अनोळखी माणसे दिसली. त्या कढईतले उलथने घेऊनच बाहेर आल्या.

"चपला खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "मग काय त्ये बोला."

सहकार्यवाह या नात्याने मी पहिल्यांदा ठेवली. आप्पांनी मात्र धीर सोडला नाही. त्यांनी नाव विचारले. बाईंनी सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले, बाईंनी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा विचारल्यावर बाईंनी आप्पांच्या कानांविषयी चौकशी केली. करालाही तिसऱ्या खेपेलाच चिडते, त्यामुळे सदस्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर बाई उंबऱ्यावर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर आम्हाला बरे वाटले असते. पण दिवाळीपासून हेच चालले आहे, असे त्या अगदी साध्या आवाजात सांगू लागल्या. माणसे येतात, दारात उभी राहतात, बघतात आणि जातात. एकाने चौकटीला बिब्बा टांगला. एकाने फोटो काढून नेला. जेवायला कोणी बसत नाही. उलट जेवणारेच कमी होत चालले आहेत, कारण ड्यूटीवरची माणसे त्यांना चेटकिणीचे पाहुणे म्हणून चिडवतात. बार्शीहून एकाची आई आली आणि भरल्या ताटावरून पोराला उठवून घेऊन गेली. निम्मी पंगत मोडली होती. असेच चालले तर पाडव्यापर्यंत चूल टिकणार नाही.

मग त्यांनी विचारले, की त्या पुस्तकात आपल्याबद्दल लिहिले आहे तरी काय.

यावर सर्व सदस्य दारातल्या शेवग्याच्या झाडाचा अभ्यास करू लागले. शेवटी भागुबाई दुसरीही चप्पल काढून आत गेल्या, पाटावर बसल्या आणि पिशवीतून नववा भाग काढून वाचायला लागल्या. बाई भाकरी थापत ऐकत होत्या. कढईचे वर्णन झाले, दातांचे झाले, त्यांचा हात थांबला नाही. पुढे असे होते, की वज्रकेतू तापाने फणफणतो, आणि कराला त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवते. घडी जसजशी सुकते तसतशी त्याची आठवण उडून जाते.

भाकरी परातीतच राहिली.

"ह्ये शंकरनं लिव्हलंय," बाई म्हणाल्या.

शंकरराव हा स्टेशनावरच्या पार्सल ऑफिसातला कारकून. चार वर्षे तो बाईंच्या खानावळीत भिंतीकडच्या कोपऱ्यात बसून जेवत असे. त्याला विषमज्वर झाला तेव्हा बाईंनी त्याला खानावळीतच झोपवून कपाळावर घड्या ठेवल्या होत्या. आई लहानपणीच गेलेली. चिमणीसारखा जेवायचा, म्हणून त्याला 'घे अजून' म्हणावे लागायचे. पुढे एक दिवस तो यायचा बंद झाला. ऑफिस तिथून हाकेच्या अंतरावर, पण तो या गल्लीत पुन्हा दिसला नाही. बाईंना वाटले, आपले काही चुकले असेल. काय चुकले ते मात्र त्यांना सापडले नव्हते.

हे ऐकून आमच्या मंडळात आनंदाची लाट उसळली. लेखक सापडला होता! आप्पांनी त्याला तिथल्या तिथे स्थळ क्रमांक पाच म्हणून मान्यता दिली आणि सगळी सहल पार्सल ऑफिसकडे वळली. बाईंनी हात धुतले, चुलीतली लाकडे मागे ओढली आणि त्याही आमच्या मागून निघाल्या.

प्रत्यक्ष लेखक हे प्रेक्षणीय स्थळ म्हणून फारसे यशस्वी नसते, हा या सहलीचा एक निष्कर्ष आहे. खिडकीपलीकडे कोपरावर उसवलेला स्वेटर घातलेला एक बारीक माणूस मोसंब्यांच्या करंड्यांना चिठ्ठ्या डकवत होता. आपण कृष्णमेघ नाही, असे त्याने तीनदा सांगितले. चौथ्यांदा सांगणार तेवढ्यात त्याला आमच्या मागे बाई दिसल्या आणि तो उठून उभा राहिला.

बाईंनी पुस्तकाचे नावच काढले नाही.

"जेवायला का बंद झालास?"

शंकररावाने हातातली चिठ्ठी नीट चिकटवली. ती आधीच चिकटलेली होती.

"कोपरा भैरूला दिलात," तो म्हणाला.

भैरू म्हणजे नवीन लागलेला फायरमन.

"तू म्हयनाभर बदलीवर गेलतास."

"परत आलो तर तो तिथं बसलेला. आणि तुम्ही त्यालाही म्हणत होता, घे अजून."

बाईंनी खिडकीचा गज धरला.

"त्यो बी उपाशीच हुता, शंकर," त्या म्हणाल्या. "मला म्हातारी लिव्ह. चेटकीण लिव्ह. दात पुढं हायत, त्ये बी लिव्ह. पर माझ्या कढईत कायतरी घातलंय असं नको लिव्हू. मानसं जेवायची थांबली."

शंकरराव म्हणाला, की कोणी इथवर येईल असे त्याला वाटले नव्हते. लोक गाडीत वाचतात आणि उतरताना बाकावर टाकून जातात, एवढाच त्याचा समज होता. या वाक्याने आम्हा सदस्यांच्या भावना फार दुखावल्या. आप्पांनी तरीही स्वाक्षरी मागितली. त्याने ती पार्सलच्या पावतीवर खऱ्या नावाने केली, त्यामुळे तिचा काही उपयोग झाला नाही.

दुपारी सदस्यांनी आपापले डबे फलाटावर सोडले. खानावळीत जेवावे काय, असा प्रश्न निघाला होता. आप्पांनी तो पुढील बैठकीवर टाकला. भागुबाई तेवढ्या परत गल्लीत गेल्या आणि पंगतीला बसल्या. पुढची हकीकत त्यांच्याकडून कळली.

जेवणे निम्मी होत आली तेव्हा शंकरराव दारात येऊन उभा राहिला. कोपऱ्यात भैरू जेवत होता. त्याने वर पाहिले, ताट उचलले आणि हातभर सरकून बसला. शंकरराव त्याच्या शेजारी भिंतीला टेकला. बाईंनी ताट वाढले, पण त्या त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्याने सगळे संपवले. संपवूनही तो हात धुवायला उठेना. रिकाम्या ताटाच्या कडेला बोटे लावून तसाच बसून राहिला. बाईंनी दोन फेऱ्या त्याला ओलांडून वाढले. तिसऱ्या फेरीला त्या थांबल्या, पळी कढईत बुडवली आणि म्हणाल्या, "घे अजून."

सहलीच्या अहवालात हा मजकूर कोणत्या सदरात घालावा ते मला समजले नाही. तेव्हा मी तो घातला नाही.

दहावा भाग महिन्याभरात आला. त्यात कराला ही शापित राणी असल्याचे निघाले. तिच्या कढईतले अन्न घर विसरायला लावत नव्हते, ज्यांना घरच नव्हते त्यांना ते घर देत होते. शेवटच्या पानावर वज्रकेतू तलवार खुंटीला टांगतो आणि तिच्या दारी पाणी भरतो.

शिरूरात यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. मंडळाच्या तातडीच्या सभेत आप्पांनी निषेधाचा ठराव मांडला. लेखकाने व्यक्तिगत हितसंबंधांपोटी एक उत्तम चेटकीण वाया घालवली, असे त्यात नमूद होते. मंडळाने स्वतः जाऊन पाहणी केली असता बाई चेटकीणच असल्याचे आढळले होते, असेही त्यात होते. भागुबाईंनी विरोधात मत दिले आणि राजीनामा दिला. उरलेल्या दहांनी हे त्यांना मालेचा पुरेसा अभ्यास नसल्याचे लक्षण मानले.

दौंडच्या पर्यटनाचे मात्र अपरिमित नुकसान झाले. खानावळीसमोर उभे राहणारे लोक महिन्या-दोन महिन्यांत नाहीसे झाले, कारण उपाशी माणसांना जेवू घालणाऱ्या बाईकडे बघायला कोणी एस.टी.चा प्रवास करीत नाही. दारात गर्दी उरली नाही, तशी आत वाढली. बार्शीचा मुलगा आईला घेऊन आला. बाईंनी तिला चुलीपुढेच बसवले, आणि ती आठ दिवस राहून गेली. पाडव्याला चूल पेटलेली होती. माला तेराव्या भागात बंद पडली. शंकररावाला त्याचे फारसे वाईट वाटलेले दिसत नाही. तो संध्याकाळी पंगतीला वाढतो आणि नव्या पोरांना, मागायला लाजू नका, म्हणून दटावतो, असे भागुबाई सांगतात. त्या अधूनमधून तिकडे जेवायला जातात. मंडळ मात्र सध्या दुसऱ्या एका मालेकडे वळले आहे. तिच्यातली विषकन्या यवतला राहत असावी, असे आप्पांचे जवळजवळ निश्चित झाले आहे.

ही हकीकत मी गेल्या दोन वर्षांत पुष्कळांना सांगितली. ऐकून सगळेच हळहळतात. माणसांनी असे कोणाच्या दारात जाऊन उभे राहू नये, असे अगदी मनापासून म्हणतात. मग चहा संपेपर्यंत थांबतात आणि विचारतात, ती गल्ली नेमकी कोणती. तुम्ही अजून विचारलेले नाही. अर्थात, मी समोर नाही, म्हणून.