हत्तरकींच्या युक्तीचे गुण

ज्ञान छापून यायला जितका उशीर होतो, तितके ते पक्के समजले जाते. सोलापुरातल्या एका महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या रुद्रप्पा हत्तरकींना हे तत्त्व मान्य होते. अडचण एवढीच, की त्यांना नाद संगणकाचा होता, आणि तो विषय कुणासाठी थांबत नव्हता.

१९७४ साली रुद्रप्पांनी संगणकात भरलेल्या नोंदींची क्रमवारी निम्म्या वेळात लावण्याची युक्ती शोधली. (संगणक मुंबईला होता. भोके पाडलेली कार्डे पार्सलने जात, उत्तर दहा दिवसांनी येई. त्यातली चार मिनिटे वाचली.)

विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. नियम स्वच्छ होते: नियतकालिकातल्या लेखाला दहा गुण, परिषदेत वाचलेल्या निबंधाला एक. परिषदेत चहा-नाश्ता मिळतो, तेव्हा उरलेले नऊ तिथेच वळते होत.

रुद्रप्पांनी लेख परदेशी नियतकालिकाला धाडला. (पक्षपात नको, म्हणून तिथे परीक्षकांना लेखकाचे नाव कळू देत नसत.) आठ महिन्यांनी पहिल्या परीक्षकाने कळवले, लेख लांब आहे. त्यांनी कापला. दुसऱ्याला तो आखूड वाटला. तिसऱ्याला समास पटला नाही. दर वेळी सगळा लेख नव्याने टाइप करणाऱ्या त्यांच्या पत्नी दाक्षायणीबाई शेवटी वैतागल्या.

"मद्रासला परिषद हाय म्हणं. जाऊन सांगून या की! गाडी हितनंच जाती."

"सांगितलेलं धरत नाहीत गं."

"मग काय, हितं बसून पोस्टमनची वाट बघायची?"

रुद्रप्पा गेले. बारा मिनिटे बोलले. श्रोते अकरा, पैकी चार पुढच्या वक्त्याचे नातेवाईक. पण सिमेंट कारखान्यातल्या एका गृहस्थाने त्यांना जिन्यावर गाठून तासभर खोदून खोदून विचारले. सहा महिन्यांत ती युक्ती त्या कारखान्यात, दोन बँकांत आणि एका वीजमंडळात चालू झाली. अनोळखी लोकांची आभारपत्रे येऊ लागली. रुद्रप्पा ती जेवताना मोठ्याने वाचत.

निवड समितीपुढे त्यांनी परिषदेची पुस्तिका ठेवली. प्राचार्य हिंदुरावांनी तिच्यावर अंगठा घासला.

"हे सायक्लोस्टाइल हाय, हत्तरकी. शाई बोटाला लागती."

"पण सर, लोक वापरतायत."

"वापरू द्या की. वापरायला गुण न्हाईत."

जागेचा निर्णय पुढे ढकलण्यात आला. (जागा रिकामी ठेवायला पात्रता लागत नाही.)

चौथ्या वर्षी नियतकालिकाचा निकाल आला: लेख नाकारला. कारण, ही युक्ती आता सर्वत्र रूढ आहे. हत्तरकी नावाच्या विद्वानाने ती मद्रासला पूर्वीच मांडली. प्रस्तुत लेखकाने त्यांचे काम वाचलेले दिसत नाही, ते आधी वाचावे.

रुद्रप्पा इतके हसले, की दाक्षायणीबाई पिठाच्या हातानेच बाहेर आल्या.

"न्हाई म्हणाले न्हवं? मग हसताय काय?"

"मीच मला वाचावं, म्हणतायत!"

बाईंनी पत्र निरखले. "पण विद्वान म्हटलंय की! तेबी छापील कागदावर. उद्याच न्या समितीत."

नेले. परदेशी नियतकालिकाने विद्वान ठरवलेला माणूस महाविद्यालयात सापडल्याबद्दल समितीने समाधान व्यक्त केले आणि नकाराला पूर्ण दहा गुण दिले. रुद्रप्पा विभागप्रमुख झाले. पेढे वाटले.

आता ही युक्ती नेमकी चालते कशी, हे समितीतल्या सात जणांनी कधी विचारले नाही. आणि इथवर आवडीने वाचत आलेले आपण, आपणही नाही.