रानातलं का सभेतलं?

बाबारावांसमोर कापडाचा काठ मोकळा ठेवू नये, हे आमच्या गल्लीला अनुभवाने कळले आहे. पडदा असो, न्हाव्याच्या दुकानातला टॉवेल असो की लग्नमांडवाची झालर, त्यांचा उजवा हात आपोआप तिकडे जातो. अंगठा आणि तर्जनीत दोन-चार धागे पकडून ते ओढतात, उजेडाकडे धरून बघतात आणि प्रत जाहीर करतात. आमच्या बैठकीतल्या पडद्याला त्यांनी पहिल्याच भेटीत 'मध्यम' दिली. पुढे प्रत्येक भेटीत ती तपासून पाहिली. आता त्या पडद्याला खालचा डावा कोपरा नाही.

बाबाराव मूळचे झरीचे, पण नोकरी सारी परभणीत झाली. कापूस खरेदी केंद्रावर ते एकतीस वर्षे ग्रेडर होते. गाडी आली की ग्रेडरने कापसाचा पुंजका काढायचा, ओढून सरकीपासून सोडवायचा, धाग्याची लांबी बोटांवरच जोखायची आणि प्रत सांगायची. आखूड, मध्यम, लांब. डागी आणि किडका असेल तर 'कवडी'. बाबारावांना या कामाला तीन सेकंद लागत. चौथ्या सेकंदाला ते पुढच्या गाडीपाशी असत आणि मागचा शेतकरी तोंड उघडून तसाच उभा असे.

केंद्रावर त्यांच्यासाठी खुर्ची होती. तिच्यावर एकतीस वर्षे मांजर बसले.

"बसला की फसला," असे ते म्हणत. बसले की चहा येतो, चहाबरोबर ओळख निघते आणि ओळख निघाली की आखूड धागा लांब दिसायला लागतो, असा त्यांचा सिद्धांत होता. "फैसला उभ्यानं करावा, पेपरवाले. खामखा टेकू नये."

पेपरवाला म्हणजे मी. एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर म्हणून माझे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर बाबारावांकडे कापूस उरला नाही, म्हणून ते माणसांची प्रत लावू लागले. गल्लीतले डॉक्टर मध्यम. नगरसेवक कवडी. माझ्याबद्दल ते म्हणाले, "तुमचा धागा लांब हाय, पण कचरा लय."

या सवयीचा सर्वात गाजलेला किस्सा साडेतीन वर्षांपूर्वीचा आहे. त्यांची मुलगी वर्षा पुण्यात नोकरीला होती. तिथल्याच गणेश नावाच्या इंजिनिअर मुलाशी तिने लग्न ठरवले. मुलगा चारठाण्याजवळचा, मेंढरे राखणाऱ्या घरातला. एका सकाळी त्याचे वडील खंडूजी बोलणी करायला आले. उंच, रुंद माणूस, खांद्यावर काळी घोंगडी. बाबाराव, मी आणि आणखी दोघे ओसरीवर चहा पीत होतो. बाबाराव उठून दारापर्यंत गेले. त्यांनी 'या' म्हटले नाही, 'बसा' म्हटले नाही. त्यांचा हात सरळ घोंगडीच्या काठाकडे गेला. लोकरीचा पुंजका ओढून निघाला, उजेडाकडे धरला गेला आणि निकाल लागला.

"आखूड धागा. कवडी."

ओसरीवर आम्ही हसलो. खंडूजींनी आधी त्या पुंजक्याकडे पाहिले, मग बाबारावांकडे.

"लोकर हाय सायेब," ते म्हणाले. "कापूस न्हाई."

आणि ते वळून स्टँडकडे चालू लागले. लग्न पुण्यात नोंदणी पद्धतीने झाले. बाबाराव गेले नाहीत. दोन व्याह्यांनी एकमेकांना मिठी मारून फेटा बांधायचा असतो, ती व्याहीभेट झाली नाही. किस्सा मात्र गल्लीत वर्षभर चालला. मीही चार ठिकाणी सांगितला. दरवेळी लोक हसले.

तीन सेकंदांत हे सारे उरकणाऱ्या या गृहस्थांनी पुढे दोन घड्याळांपैकी एक निवडायला दोन वर्षे लावली.

घड्याळे साधी नव्हती. दोन्ही चावीच्या यंत्राची, सेल नसलेली, परदेशी आणि महागडी. किंमत इथे देत नाही, कारण ती बाबारावांनी बायकोलाही सांगितलेली नाही. पहिले पोलादी, जाडजूड, काळ्या तबकडीचे, भोवती फिरणारी कडी. खोल पाण्यात उतरणाऱ्यांसाठी बनवलेले. दुसरे पातळ, पांढऱ्या तबकडीचे, चामड्याच्या पट्ट्याचे, कोटाच्या बाहीखाली जाईल असे. बाबारावांनी त्यांना नावे दिली होती. पहिले 'रानातलं', दुसरे 'सभेतलं'. दोघांचे रंगीत फोटो झेरॉक्सच्या दुकानातून काढून, लॅमिनेट करून ते शर्टाच्या खिशात बाळगत.

हे फोटो न पाहिलेला माणूस परभणीत शोधावा लागेल. भाजीवालीने पाहिले. एसटीच्या वाहकाने तिकीट फाडता फाडता पाहिले. बाबारावांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मातीला आम्ही गेलो होतो. सरण पेटले, लोक झाडाखाली सरकले. मृताचा मोठा भाऊ डोळे पुसत एका बाजूला उभा होता. बाबाराव त्याच्याजवळ गेले. सांत्वन करायला गेले असतील, असा माझा समज झाला.

"तुमाला काय वाटतं," त्यांनी विचारले, "रानातलं का सभेतलं?"

त्या बिचाऱ्याने डोळे पुसून दोन्ही फोटो नीट पाहिले आणि सभेतल्यावर बोट ठेवले. बाबारावांनी मान डोलावली. "पण पट्टा चामड्याचा हाय ना. आपल्या उन्हात घामानं आंबल."

हेच त्यांचे तंत्र होते. सभेतले म्हणावे तर घाम निघे. रानातले म्हणावे तर ते म्हणत, "बरोबर. पण चार लोकांत कसं दिसल?" रानातले घड्याळ तीनशे मीटर पाण्यात चालते, हे त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितले असेल. आमच्या गल्लीतल्या सर्वात खोल बोअरला एप्रिलपासून फक्त हवा येते.

"बाबाराव," मी एकदा म्हणालो, "तुम्ही तीनशे मीटर पाण्यात कधी जाणार?"

"न्हाई जाणार."

"मग?"

"मी इचार करायलोय, पेपरवाले. घाई करू नका."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मी चकित झालो, हे नोंदवले पाहिजे. त्यांच्या पत्नी कमलताई चकित होण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. "तेवढ्यात माणूस दुसरं लगीन करून मोकळा होतो," त्या भांडी आवरता आवरता म्हणाल्या.

संभाजीनगरच्या शोरूमला ते दोनदा गेले. दुसऱ्या वेळी मी सोबत होतो. आत इतका गारवा होता की बाबारावांनी शर्टाची वरची गुंडी लावली. विक्रेत्या मुलीने पांढरे हातमोजे घालून दोन्ही घड्याळे मखमलीवर ठेवली. बाबारावांनी चामड्याच्या पट्ट्याची शिवण चिमटीत धरली. मी वेळीच खोकलो.

"सर, मनगट दाखवता? माप घेते."

बाबारावांचे मनगट चिंचेच्या फोकासारखे आहे. ते त्यांनी पुढे केले नाही. पाकिटातून एक काळा दोरा काढला. त्याला दोन गाठी मारलेल्या होत्या. "ह्या गाठीपासून ह्या गाठीपर्यंत," ते म्हणाले.

मुलीने दोरा पट्टीवर धरला आणि हसली. "सर, हे तर पैलवानाचं मनगट झालं. एवढा पट्टा वेगळा मागवावा लागेल."

"तेवढाच पायजे."

मी मनाशी नोंद केली : वय सदुसष्ट, मनगट पाच बोटांत मावणारे, हौस पैलवानाची. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर मी ती त्यांना ऐकवलीही. त्यांनी दोऱ्याची घडी करून पाकिटात ठेवली आणि माझ्या शर्टाच्या बाहीला हात घालत म्हणाले, "पॉलिस्टर."

यंदा अधिक महिना आला. तो तीन वर्षांतून एकदा येतो. त्या महिन्यात जावयाला सासरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचे, अशी आपल्याकडची रीत. मागच्या अधिक महिन्यात या जावयाला कोणी बोलावले नव्हते. या वेळी वर्षाने फोनवर वडिलांना मुदत दिली होती. कमलताईंनी ती मला भिंतीपलीकडून सांगितली : "पप्पा, या महिन्यात काय ते ठरवा. न्हाई तर पुन्हा तीन वर्षं."

जावई येणार म्हणून सासऱ्याने नवे घड्याळ बांधून मिरवायचे, असा माझा अर्थ. आमच्याकडे मान जावयाचा असतो. बाबारावांनी तोही स्वतःकडे घ्यायचे ठरवलेले दिसत होते.

महिना संपायला दोन दिवस असताना मुलगी-जावई आले. धोंडे झाले. जावयाला कपडे आणि चांदीचे निरांजन मिळाले. गणेश शांत, नीटस मुलगा. सासऱ्यांनी त्याच्या नव्या सदऱ्याचा काठ तपासला नाही, ही त्या दिवसाची एकमेव बातमी. बाबारावांच्या मनगटावर घड्याळ नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते माझ्या दारात उभे होते. पांढरा इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी.

"गाडी काढता का? चारठाण्याला जायचंय."

वाटेत झरी मागे पडली. स्वतःच्या गावाकडे त्यांनी मान वळवूनही पाहिले नाही. बोरीच्या अलीकडे त्यांनी खिशातून दोन्ही फोटो काढून मांडीवर ठेवले.

"घेतलं का शेवटी?" मी विचारले.

"न्हाई. कसं घेणार?" ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "रानातलं दिलं तर त्यो म्हणल, ह्यानं मला अजून मेंढक्याच धरलंय. सभेतलं दिलं तर म्हणल, ह्याला माझ्या घोंगडीची लाज वाटायलीय. मग कोणतं घेऊ? तुमी सांगा."

मला समजायला बराच रस्ता जावा लागला.

"तो दोरा," मी म्हणालो.

"वर्षानं आणून दिला. जत्रेतला दोरा बांधते म्हणून सासऱ्याच्या मनगटाला गुंडाळला आन् माप घेतलं." त्यांनी फोटो पुसले. त्यांच्यावर धूळ नव्हती. "त्या दिवशी तुमी होता ना ओसरीवर. चहा पित."

"होतो."

"हसला होता."

बातमीत कोण, कुठे, केव्हा, का हे प्रश्न मी आयुष्यभर नव्या पोरांना शिकवले. दोन वर्षे रोज तेच दोन फोटो बघून 'कोणासाठी' हे मी एकदाही विचारले नव्हते. जिंतूर येईपर्यंत मी गाडी चालवण्याचेच काम केले.

चारठाण्याच्या जुन्या देवळांपासून पुढे कच्च्या रस्त्याने खंडूजींचा वाडगा लागतो. मेंढरे लिंबाच्या सावलीत माना खाली घालून उभी होती. खंडूजी एका कोकराच्या पायातला काटा काढत होते. आम्हाला पाहून त्यांनी काटा आधी पूर्ण काढला, कोकरू सोडले, हात धोतराला पुसले.

"या," ते म्हणाले. खांद्यावरची घोंगडी काढून त्यांनी सावलीत अंथरली. "बसा."

"न्हाई. उभाच बरा हाय." बाबारावांनी फोटो पुढे केले. हात लांब झाला होता, पण पाय जागचे हलले नव्हते, त्यामुळे ते झाडाच्या वाकलेल्या फांदीसारखे दिसत होते.

खंडूजींनी फोटो घेतले. जवळ धरले, लांब धरले, शेवटी उजेडाकडे धरले.

"कुणाला हे?"

"तुमाला. दोन्हीतलं एक सांगा. माझ्यानं फैसला होईना."

मेंढरांतले एक शिंकले. खंडूजींनी पुन्हा फोटो पाहिले, मग बाबारावांची टोपी, मग इस्त्रीचा सदरा.

"उभ्याउभ्या मी मेंढरूबी इकत न्हाई, सायेब," ते म्हणाले. "बसा आधी. बसून ठरवू."

बाबारावांनी माझ्याकडे पाहिले. मी मदत केली नाही. गुडघ्यावर हात ठेवून ते हळूहळू खाली झाले आणि घोंगडीच्या अगदी कडेला टेकले. एका बाईने आतून चहा आणला.

"ह्ये काळं," बाबाराव सांगू लागले, "तीनशे मीटर पाण्यात चालतंय."

"एवढं पाणी कुठं हाय ते दावा," खंडूजी म्हणाले, "मी मेंढरं घेऊन येतो."

"आन् ह्ये पातळ. बाहीखाली लपतं."

"लपवायचं तर बांधायचं कशाला?"

बाबाराव हसले. त्यांना हसताना मी पूर्वी पाहिले असेल, पण आठवत नाही. मग चामड्याचा पट्टा निघाला, घाम निघाला. कातड्याविषयी खंडूजींना बाबारावांपेक्षा जास्त माहिती होती आणि ती त्यांनी सविस्तर दिली. चहाचा दुसरा कप आला. माझ्या घड्याळाप्रमाणे ते दोघे दोन तास दहा मिनिटे बसले होते. फैसला झाला नाही. अधिक महिन्याचा तो शेवटचा दिवस होता.

घोंगडीचा एक काठ बाबारावांच्या गुडघ्यापाशी आला होता. तिथे एका जागी लोकर विरळ होती, चिमटीभर. बोलता बोलता त्यांचा उजवा हात सवयीने तिकडे गेला. त्यांनी काही ओढले नाही. तळवा त्या जागेवर पालथा ठेवला आणि म्हणाले, "बरं, पट्टा बदलून घेतला तर?"