बरा झालेला रुग्ण, नग एक

परिचारिका महाविद्यालयाच्या नियमावलीतला सातवा नियम असा होता: दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थिनीने एका रुग्णाचा, तो दाखल झाल्यापासून बरा होऊन घरी जाईपर्यंत, अभ्यास करून वही सादर करावी, वही नाही तर हॉल तिकीट नाही. अकरावा नियम असा होता: विद्यार्थिनीची दर दहा दिवसांनी दुसऱ्या वॉर्डात बदली होईल. माणसाने किती दिवसांत बरं व्हावं, याबद्दल नियमावलीत काही नव्हतं. तेवढी बाब रुग्णांवर सोडलेली होती, आणि रुग्ण पडले बेशिस्त.

आपल्या गोष्टीतल्या मुलीच्या वाट्याला आलेला पहिला रुग्ण बसचा ड्रायव्हर होता. पाय मोडलेला. चौथ्या दिवशी तो कुबडी घेऊन कुणालाही न सांगता निघून गेला. म्हणजे तो चालण्याइतका बरा झाला होता. पण कागदोपत्री फरार. दुसरा रुग्ण शिंपी. त्याला ऑपरेशनसाठी वरच्या मजल्यावर हलवलं, आणि वरचा मजला मुलीच्या वेळापत्रकात नव्हता. तिसरा रुग्ण वारला.

मुलगी चादरींच्या खोलीत जाऊन रडली, मग डोळे पुसून वही घेऊन ट्यूटर मॅडमकडे गेली.

"मॅडम, शेवटपर्यंत मीच होते त्यांच्यापाशी. हा अभ्यास धरता येईल का?"

मॅडमनी वही चाळली. "मृत्यू हा रकाना फॉर्मात नाही. 'बरा होऊन घरी' एवढाच आहे."

"मग आता?"

"नवा रुग्ण घे. पुढच्या शनिवारी पाचपर्यंत वही टेबलावर हवी. सोमवारी पहिला पेपर. वर्ष गेलं की वसतिगृहातली खाटही जाते, माहीत आहे ना?" आणि जाता जाता म्हणाल्या, "चादरींच्या खोलीतला अर्धा तास हजेरीत धरलेला नाही."

आईचा फोन आला. "झाला का गं तुझा पेशंट बरा?"

"नाही अजून."

"मग दुसरा बघ ना! एकाच्याच मागे काय लागायचं?"

चौथा रुग्ण म्हणून मिळाली नऊ नंबरच्या खाटेवरची आजी. हृदय दमलेलं, पायांवर सूज, चार पावलं टाकली की धाप. तोंड मात्र ठणठणीत. मुलगी सकाळी ताप, नाडी, श्वास मोजायची, अंग पुसायची, लघवीचं माप लिहायची, आणि हात चालू असताना तोंडाने पेपरचं घोकायची. वेगळा वेळ होता कुठे? आठवडाभरात आजीचा अभ्यास तिच्यापेक्षा पुढे गेला.

"हृदयाचे कप्पे काल झाले," आजी म्हणायची. "आज मूत्रपिंड घे. तिथे तू अडखळतेस."

"आजी, बोलू नका. मी श्वास मोजतेय."

"मोज की. कुठे पळून चाललाय तो?"

शुक्रवारी आजीने सरळ विचारलं, "पोरी, तुझ्या तोंडावर बारा का वाजलेत?"

मुलीने सांगू नये ते सांगितलं. सातवा नियम, शनिवार, पाच वाजता.

"म्हणजे माझ्या बरं होण्यावाचून तुझं अडलंय. बाई बाई! माझ्या सुनेचंसुद्धा कधी एवढं अडलं नाही."

शनिवारी मोठे डॉक्टर राउंडला आले. आजी वेणी घालून, उशीला न टेकता ताठ बसली होती.

"काय आजी, धाप?"

"कसली धाप?"

"चालून दाखवा बरं."

आजी उतरली. मुलीचा हात धरून वॉर्डाच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. बघणाऱ्यांना ती हसताना दिसली. मुलीच्या मनगटात मात्र आजीची नखं रुतली होती, आणि दात घट्ट आवळलेले फक्त तिला दिसत होते. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, पुढे अजून एकवीस खाटा होत्या. "छान. आज सोडा."

घरी पाठवण्यापूर्वीचा श्वास लिहायचा राहिला होता. मुलीने मोजला. मिनिटाला बत्तीस. पुन्हा मोजला. चौतीस. तिने शेजारून चाललेल्या वॉर्डप्रमुख सिस्टरला थांबवलं.

"इन्चार्ज सिस्टर, श्वास बत्तीस-चौतीस येतोय."

सिस्टरच्या एका हातात तीन चाव्या, दुसऱ्या हातात सहा रजिस्टरं. "अगं, नमुना वहीत बऱ्या झालेल्या रुग्णाचा किती दिलाय?"

"अठरा."

"मग? मला विचारून मला यात गुंतवू नकोस."

मुलीने आजीकडे पाहिलं. आजीला बोलायला श्वास पुरत नव्हता, म्हणून तिने बोटांनी दाखवलं: आधी दहा, मग आठ. मुलीने अठरा लिहिलं. अक्षर छान आलं.

वही पाचला दहा कमी असताना टेबलावर पोचली. पंचवीसपैकी चोवीस गुण मिळाले. एक गुण समास न आखल्याबद्दल कापला गेला. शेरा होता: 'रुग्णाचा विश्वास उत्तम संपादन केला आहे.'

सोमवारच्या पेपरात तिसरा प्रश्न आला: हृदयरोगाच्या रुग्णाला घरी पाठवण्यापूर्वी परिचारिकेने काय काय तपासावे? गुण दहा. मुलीने श्वासापासून सुरुवात केली, नाडी, सूज, वजन, चालल्यावर लागणारी धाप, सगळं ओळीने लिहिलं. एकही मुद्दा सुटला नाही. लिहिताना तिचा हात दोनदा थांबला, पण त्यासाठी गुण कापत नाहीत.

पेपर संपवून ती धावतच वॉर्डात गेली. का, ते तिला नसलं तरी तिच्या पायांना ठाऊक होतं. नऊ नंबरच्या खाटेवर आजी होती, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. सकाळीच आणलं होतं. केसपेपर नवा होता, क्रमांक नवा होता, तेव्हा नियमाप्रमाणे रुग्णही नवीन. जुना बरा होऊन घरी गेलेला होता, तशी नोंदच होती. शेजारी मुलीचीच वर्गमैत्रीण उभी होती. तिचाही रुग्ण फरार झाल्याने तिला वही उशिरा द्यायची खास सवलत मिळाली होती. हातात कोरी वही.

आजीने मुखवटा जरा सरकवला. "पेपर कसा गेला गं?"

मुलीने नुसती मान हलवली.

"मूत्रपिंड आलं होतं?"

"नाही. हृदय."

"मग झालंच की." आजी दम खाऊन वर्गमैत्रिणीकडे वळली. "आणि तुझा शनिवार कधी आहे, पोरी?"

निकाल लागला. मुलगी पहिल्या वर्गात पास झाली, वसतिगृहातली खाट राहिली, आईला तर काय करू आणि काय नको असं झालं. हे वाचून तुम्हालाही हायसं वाटलं असेल. तसं वाटलं असेल, तर आजीचं पुढे काय झालं ते सांगण्याचं कारण उरत नाही. तो रकाना तुमच्याही फॉर्मात नाही.