रडण्याचा मान

पालखेडीत लस बाळाला टोचतात आणि रडतं ते घरातलं सर्वांत वयस्कर माणूस.

यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उपकेंद्रात रडणाऱ्यासाठी हातांची खुर्ची ठेवलेली असते.

ओवीचे पहिले दोन डोस तिच्या आईच्या, ऋताच्या, माहेरी झाले. तिथे पणजीबाईंनी दोन्ही वेळा गल्ली गोळा केली. तिसरा डोस मात्र सासरी आला आणि ओवीचे आजोबा, तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक निळकंठराव चांदोरकर, यांची झोप उडाली. उपकेंद्रात येणारे निम्मे पालक त्यांचे विद्यार्थी. त्यांच्यासमोर भोकाड पसरायचं?

"पुढच्या आठवड्यात नेलं तर?" त्यांनी सुनेला विचारलं.

"बाबा, घटसर्पाची लस आहे त्यात."

निळकंठरावांची धाकटी बहीण घटसर्पानेच गेली होती. घसा बंद होत गेला, तेव्हा तिला रडताही आलं नव्हतं. त्यांनी दोन रुमाल घेतले.

"कुमुद, तूही चल."

"अहो, मी कशाला? स्वयंपाक व्हायचाय माझा," पत्नी घाईघाईने म्हणाल्या.

मंगल सिस्टरांनी ओवीच्या मांडीत सुई टोचली. ओवी हसली. निळकंठरावांनी डोळे मिटून तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

"सर, लाजू नका, आम्ही तिकडे बघतो," मागून एक विद्यार्थी म्हणाला.

"अरे, येतच नाहीये!"

सिस्टरांचा चेहरा उतरला. "रडणं निघालं नाही तर लस लागली असं धरता येत नाही, सर. घरात तुमच्याहून मोठं कुणी?"

"कुणी नाही. पत्नी चार वर्षांनी लहान आहे. लग्न ठरताना सासऱ्यांनी स्वतः सांगितलं होतं."

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून टाहो ऐकू आला. तान्ह्या बाळाचा, पण पिकल्या आवाजातला. सगळं उपकेंद्र कान देऊन ऐकत राहिलं.

"लागली," सिस्टर म्हणाल्या. "पुढचं बाळ घ्या."

घरी कुमुदताई पदराने डोळे पुसत होत्या. समोर कांदा होता, अख्खा.

"फार तिखट निघाला हो," त्या म्हणाल्या.

निळकंठरावांनी कांदा उचलून निरखला, परत ठेवला. मग त्यांनी आपली आरामखुर्ची पुढे सरकवली.

"बसा तुम्ही."

कुमुदताईंनी खुर्चीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, नाक ओढलं आणि ऐसपैस बसल्या.

"पाणी आण," त्या म्हणाल्या. "आणि ओवीला दे इकडे."